नमुन्याचं घरटं

माणसांनी बाभळीला अजून नाव दिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका कावळ्याने रानात दवंडी पिटली: घरटी विणायला कायमचा कारागीर हवा, मुलाखतीला या.

पहिल्या दिवशी सुगरण आली. कावळा म्हणाला, "नमुन्यादाखल फक्त तळ विणून दाखवा." तिने दिवसभर उपाशीपोटी तळ विणला. "छान. कळवू," कावळा म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने शिंपी पक्ष्याकडून भिंती शिवून घेतल्या, तिसऱ्या दिवशी बुलबुलाकडून वरची कड. दोघांनाही म्हणाला, "कळवू." घरटं पूर्ण झालं. कळवलं कुणालाच नाही. कावळिणीने त्यात चार अंडी घातली.

पण तळ आणि भिंती एकमेकांना बांधायचं काम कुणाच्याच नमुन्यात नव्हतं. वारा आला तसा तळ निसटू लागला. कावळा धापा टाकत सुगरणीकडे गेला. "बाई, नोकरी तुमचीच! आत्ताच्या आत्ता चला."

सुगरणीने विणता विणता सगळं नीट ऐकून घेतलं.

"छान," ती म्हणाली. "कळवू."

कावळा परत आला. निसटलेला तळ कावळिणीने चोचीत धरून ठेवला होता, त्यामुळे तिला काही बोलता येईना. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.