खाली लावलेलं चित्र

“माझं चित्रसुद्धा गुडघ्याएवढ्या उंचीवर का, आबा?”

“सगळ्यांचीच तिथं आहेत.”

“सगळे शिकाऊ आहेत. माझं हे चित्र मुंबईला लागलं होतं. भिंतीच्या मधोमध. वरून दिवा सोडला होता त्यावर.”

“हं...” आबा उल्हासला म्हणाले आणि भोवऱ्याला दोरी गुंडाळत राहिले.

विश्राम मेस्त्रींना आमची सगळी चितारआळी आबा म्हणायची. पुढं त्यांचं लाकडी खेळण्यांचं दुकान, मागं एक खोली. त्या खोलीत चित्रं लावलेली. आमच्या गावची आर्ट गॅलरी म्हणाल तर तीच. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आबा तिथं मेळा भरवायचे. फळीवरची खेळणी जमिनीवर यायची. पोरं खेळायची, बाया लाकडाच्या आंब्या-फणसांना रंग द्यायच्या. आणि ज्याला चित्र बघायचं त्यानं खाली बसायचं. मग तो कुणी का असेना. खिळेच तेवढ्या उंचीवर ठोकलेले.

उल्हास आबांकडंच रेघ मारायला शिकलेला. हुशार पोरगा. हुशारी जरा नाकावर येऊन बसलेली, एवढंच.

“आज दाजीसाहेब येणार आहेत,” तो म्हणाला. “जागा त्यांची. त्यांच्या मनात भरलं तर खोली राहील. नाहीतर इथं फरश्यांचं गोदाम होणार. ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“मग ते काय खाली बसणार आहेत?”

“बसतील की. गुडघे आहेत त्यांना.”

उल्हासनं कपाळाला हात लावला.

मेळा भरला. भोवरे गरगरायला लागले. कालिंदी मासेवाली बाजार उरकून आली, टोपली दाराबाहेर ठेवली. कडेवर रांगतं नातवंड, बोटाला नात. नात तडक खोलीत गेली आणि उल्हासच्या चित्रासमोर फतकल मारून बघत राहिली. मी आपला खिडकीला टेकून होतो.

मग दाजीसाहेब आले. कडक इस्त्रीचा सदरा, मागं दोन माणसं. दारातच थबकले.

“हे काय मेस्त्री? चित्रं खाली घसरली की काय?”

पोरं फिदीफिदी हसली.

“लावलीच तिथं आहेत,” आबा म्हणाले. “बसा. बसलं की दिसतात.”

“मी बसू?”

“चटई झटकून देतो.”

“माझ्याच जागेत मी जमिनीवर बसू?”

“जमीनही तुमचीच आहे, साहेब.”

कालिंदीनं तोंडाला पदर लावला. दाजीसाहेबांचे कान लाल झाले. ते उल्हासकडं वळले.

“तू शिकलेला दिसतोस. यातलं तुझं कुठलं?”

उल्हासनं बोट दाखवलं.

“ते वर घे. माझ्या डोळ्यांसमोर येऊ दे. मग खोलीचं बघू.”

उल्हास आबांकडं बघायला लागला. आम्हाला वाटलं, आता आबा आडवे येणार. आबा उठले. फळीखालची हातोडी काढली आणि त्याच्याच हातात दिली.

“चित्र तुझं आहे.”

“आणि... खोली?”

आबांनी पुन्हा भोवऱ्याला दोरी गुंडाळायला घेतली.

उल्हासनं चित्र उतरवलं. खिळा उपटला. दाजीसाहेबांच्या नजरेचा अंदाज घेत तो वर ठोकला आणि चित्र चढवलं. तळ्याकाठची संध्याकाळ होती. आभाळ मोठं सुरेख.

“वा!” दाजीसाहेब म्हणाले. “काय आभाळ काढलंय!”

मुंबईतही सगळे आभाळालाच वा म्हणाले होते. उल्हास ते कौतुकानं सांगायचा.

तेवढ्यात कालिंदीच्या नातीनं भोकाड पसरलं.

“आजी, माझी कुर्ली नेली यानं!”

“कुर्ली? कुठला खेकडा?” उल्हासनं विचारलं.

“दगडाखाली बसली होती. नांग्या वर करून. माझ्याकडं बघत होती.”

उल्हास चित्राजवळ गेला. वाकला. पार खालच्या कोपऱ्यात, दगडाच्या सावलीत, एवढीशी कुर्ली होती. त्यानंच काढलेली. आजवर तिच्याबद्दल त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

बराच वेळ तो तसाच वाकून राहिला.

“तुला कशी गं दिसली?”

“बसले ना मी!” पोरगी हुंदके देत म्हणाली.

“झालं का रडगाणं?” दाजीसाहेब म्हणाले. “चला, बाकीचीही वर घ्या.”

उल्हासनं चित्र उतरवलं. खिळा उपटला. मग पँटची पर्वा न करता जमिनीवर मांडी घातली आणि पहिल्या भोकाच्याही वीतभर खाली खिळा ठोकला. ठाण ठाण... सगळी आळी ऐकेल असा.

“अरे, इतकं खाली कशाला?” आबासुद्धा चकित झाले.

“ते धाकटं अजून रांगतंय, आबा.”

कालिंदीनं धाकट्याला खाली सोडलं. ते भराभरा रांगत गेलं आणि ओला पंजा सरळ तळ्यावर ठेवला. उल्हासच्या हातात हातोडी तशीच राहिली. पण त्यानं पोराला मागं ओढलं नाही.

दाजीसाहेब बाहेर पडले. बाहेरूनच ओरडले, “उद्या खोली रिकामी करा, मेस्त्री!”

“करतो,” आबा म्हणाले.

“पुन्हा मेळे-बिळे माझ्या जागेत नकोत!”

गाडीचा दरवाजा आपटला. धूळ उडाली. बाया हातातले कुंचले तसेच धरून बसल्या होत्या.

“आबा...” उल्हास म्हणाला. “माझ्यापायी खोली गेली. पुढच्या महिन्यात चित्रं कुठं लावायची?”

आबांनी त्याच्या हातातली हातोडी घेतली. तिचा दांडा सैल झाला होता. जमिनीवर दोनदा आपटून त्यांनी तो घट्ट केला आणि हातोडी त्याला परत दिली.

“दाजीसाहेबांच्या बंगल्याभोवतीचा दगडी गडगा बघितलास? रस्त्याच्या बाजूनं चांगला बुटका आहे.”