दगडावरचं वाडगं

"पण उस्ताद, तेल वाडग्यात काढून बाहेर दगडावर ठेवायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

उस्ताद गुडघे चोळत होते. चोळत राहिले.

विचारणारा प्रणीत खोत, इचलकरंजीचा. इंजिनांचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास. ते आम्हाला दिवसातून दोनदा कळायचं.

उस्ताद म्हणजे बाबाजी शिर्के, जावळीचे. फौजेत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले, तरी लडाखच्या या रस्त्याच्या कॅम्पवर पुन्हा आलेले. का आले, कुणी विचारलं नाही. थकलेल्या माणसाला काय विचारायचं?

आणि मी डोईफोडे, स्टोअरकीपर. पौष महिना, उणे अठ्ठावीस, आणि माझ्या फुप्फुसात पाणी. तंबूत आडवा, तोंडावर मास्क. ऑक्सिजनचं मशीन बाहेरच्या छोट्या जनरेटरवर चालायचं. हवा उघडेपर्यंत हेलिकॉप्टर येणार नव्हतं. जनरेटर चालला तर मी, एवढा साधा हिशेब.

उस्तादांची एक रीत होती. तेलाचा नवा डबा आला की त्यातलं चमचाभर तेल वाडग्यात काढून एक रात्र बाहेरच्या दगडावर ठेवायचं. सकाळी वाडगं कलतं करायचं. वाहिलं तर ते तेल इंजिनात. नाही वाहिलं तर डबा उन्हाळ्यापर्यंत बाजूला. पोरं हसायची, म्हणायची, उस्ताद डोंगराला नैवेद्य दाखवतात.

त्या दिवशी जनरेटरचं तेल बदलायचं होतं. "तो कोपऱ्यातला पातळ तेलाचा डबा घे," उस्ताद म्हणाले. "दगडावर राहून आलाय."

"ते? अहो, पाणी आहे ते! इंजिन जुनं झालंय, त्याला जाड तेल लागतं. हे बघा."

प्रणीतने खालच्या मुलखातून आणलेला नवाकोरा डबा फोडला. बुखारी म्हणजे आमची तंबूतली शेगडी, तिच्यापाशी बसून त्याने चमच्याने तेलाची धार सोडली. धार सुरेख पडली, खोटं कशाला बोलू.

"बघा की, कसं वाहतंय."

"दगडावर ठेव."

"हो उस्ताद."

त्याने ठेवलं नाही. संध्याकाळी तेच तेल घातलं. इंजिन तापलेलंच होतं, दोरीच्या पहिल्याच हिसक्याला सुरू झालं. प्रणीत माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. डब्याची नोंद माझ्याकडे होती, दगडावर ठेवलं का, एवढं विचारता आलं असतं. विचारलं नाही.

सकाळी दोन तास जनरेटर बंद ठेवायचे आणि मला सिलिंडरवर घ्यायचे. रोजचंच होतं ते.

दोन तासांनी प्रणीतने दोरी खेचली.

दोरी हललीच नाही.

पुन्हा खेचली. दोघांनी मिळून खेचली. आत तेलाची काकवी झाली होती, नव्हे, गुळाची ढेपच. प्रणीत आत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्या शेवटच्या सिलिंडरच्या काट्याकडे बघितलं. काटा लाल पट्टीला टेकला होता. आई गं, मला फार भीती वाटली.

उस्ताद उठले. पेट्रोलची टाकी उतरवून बाहेर ठेवली. जनरेटर दोघांनी उचलून आत आणला, त्याच्याखाली तापलेल्या वाळूचं घमेलं सरकवलं, वर दोन घोंगड्या टाकल्या.

"आता?"

"आता बसायचं."

"किती वेळ?"

बसलो. म्हणजे ते बसले, मी श्वास मोजत पडलो.

मग उस्तादांनी नव्या डब्यातलं चमचाभर तेल वाडग्यात काढलं आणि प्रणीतच्या हातात दिलं. तो मुकाट्याने बाहेर जाऊन दगडावर ठेवून आला.

अर्ध्या तासाने उस्ताद म्हणाले, "आण."

त्याने आणलं. उस्तादांनी वाडगं घेतलं आणि त्याच्या डोक्यावर उपडं धरलं.

प्रणीतने डोळे मिटले.

एक थेंब पडला नाही.

खालचं बूच काढलं. इंजिनातलं जाड तेल हळूहळू, अगदी रडतरडत निथळलं. मग तो कोपऱ्यातला पातळ तेलाचा डबा त्यात रिता केला. जनरेटर बाहेर नेला, टाकी चढवली. पहिली दोरी, काही नाही. दुसरी, काही नाही. काटा शून्याला लागला होता. तिसऱ्या दोरीला जनरेटर खोकला, आणि लागला की धडधडायला!

मशीन सुरू झालं. मास्कमध्ये हवा आली. इतकी गोड हवा मी जन्मात घेतली नव्हती. मी रडलो, सांगायला लाज कसली.

दोघे आत आले. उस्ताद बुखारीपाशी बसले आणि पुन्हा गुडघे चोळू लागले. प्रणीत त्यांच्या पायांशी बसला.

"उस्ताद, चुकलो. डोईफोडेकाका गेले असते माझ्यापायी. ठेव म्हणालात, मी ठेवलं नाही."

"मी तरी कुठं बघायला गेलो? दहा पावलांवर दगड. काल गुडघे दुखत होते, हितंच बसून राहिलो."

मी अंगावरची रजई वर ओढली.

बाहेर जनरेटर चालू होता.

"पण उस्ताद," प्रणीत अखेर म्हणाला, "काल इथं ते तेल खरंच चांगलं होतं हो. तुम्ही बघितलंत ना?"

उस्तादांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या शेकलेल्या हातांकडे.

"बुखारीपाशी आपण सगळेच चांगले असतो, बाळा."