परिपूर्ण सुई

त्या राज्यावर एकच गोधडी पांघरलेली होती आणि ती दर वर्षी कुठे ना कुठे उसवत असे. राज्य जुने, गोधडी त्याहून जुनी. थंडीचे वारे सुटले की तिचे सांधे ताणले जात, टाके तुटत आणि खाली राहणाऱ्यांना हुडहुडी भरे. म्हणून थंडीच्या आधी पाठशाळेतून नव्या सुया बाहेर पडत आणि उसवलेले शिवून काढत. यात कुणाला काही विशेष वाटत नसे. सुया शिवतात, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते.

गोधडीच्या उत्तरेकडच्या कडेला एक निळे ठिगळ होते. कधीकाळी ते कुणाच्या तरी चांगल्या लुगड्याचा पदर होते म्हणतात. सगळे त्याला निळी आक्का म्हणत. आक्का आता अवघ्या सात टाक्यांवर लटकली होती. तिच्या बरोबर खाली चिंध्यांची वस्ती होती. आक्का गळून पडली, तर पहिला वारा त्यांच्याच अंगावर येणार होता. आक्काला भीती वाटत होती आणि ती तसे स्पष्ट बोलूनही दाखवी. "यंदा मला शिवलं नाही तर मी काही टिकत नाही," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

पाठशाळेत गुरुजी एकच, म्हातारा दाभण. त्याचा अभ्यासक्रमही एवढासाच. नेढ्यात दोरा ओवायचा, शेवटाला गाठ मारायची, कापडात शिरायचे, बाहेर यायचे आणि दोरा ओढायचा, पण कापडाला चुण्या पडतील इतका नाही. एवढ्या धड्याला दाभण अख्खे वर्ष घेई, कारण ते शेवटचे 'इतका नाही' कुणालाच लवकर जमत नसे. शिकताना काही सुया वाकत, काहींची टोके मोडत. घरच्यांना ते पाहवत नसे. त्यातच शेजारच्या राज्यातल्या सुया म्हणे फार चकाकतात, अशी बातमी कुणीतरी आणली. झाले! शाळेतून बाहेर पडताना सुईला नेमके काय काय यायला हवे, हे एकदाचे ठरवून टाकण्यासाठी दरबाराने समिती नेमली.

अध्यक्षस्थानी टाचणीबाई होत्या. त्यांचे सारे आयुष्य कचेरीत गेले होते. आजवर त्यांनी जे काही जोडले ते कागद होते, आणि तेही तात्पुरते, पण डोक्यावर पांढरा मोती असल्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. सोबत कात्री, मोजपट्टी आणि बटणराव असे सदस्य. या चौघांपैकी एकानेही जन्मात टाका घातलेला नव्हता, त्यामुळे समितीच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही.

बैठका सुरू झाल्या. मोजपट्टी म्हणाली, सुईला अंतर समजले पाहिजे, दोन टाक्यांत केसाइतकाही फरक पडता कामा नये. कात्रीला वाटे की कापड मुळात कापले कसे गेले हे कळल्याशिवाय शिवण्याला अर्थच नाही, आणि ते शिकवण्याची तिची स्वतःची तयारी होती. टाचणीबाईंनी चकाकी, ताठ मान आणि चारचौघांत वावरण्याची रीत यांवर भर दिला. बटणरावांनी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. यादी वाढत वाढत दीडशे कलमांवर गेली. तीत दोऱ्याचा इतिहास होता, दोऱ्याचे प्रकार होते, दोऱ्याविषयी आदरभावसुद्धा होता. दोरा कुठे घालायचा, ते मात्र राहूनच गेले.

मग समिती पाहणीसाठी शाळेत आली. टाचणीबाईंनी एक सुई उजेडासमोर धरली आणि त्यांचा चेहरा पडला. सुईच्या माथ्याशी आरपार उजेड दिसत होता. दुसरी धरली, तिसरी धरली. तोच प्रकार.

"गुरुजी, हे काय?" टाचणीबाईंनी विचारले. "वर्षभर शिकवून प्रत्येकीत एकेक भोक ठेवलंत?"

"बाई, ते भोक नाही, नेढं आहे," दाभण म्हणाला. "त्यातूनच दोरा जातो."

"मला नाही कुठे असलं काही. माझं अडलं का?"

दाभणाला यावर बोलता आले असते, पण तो सभ्य होता. तो एवढेच म्हणाला, "तुम्ही टोचता, बाई. आमच्या पोरींना शिवायचंय."

"दोऱ्याचं पुढे बघता येईल. कामाला लागल्या की मिळेल त्यांना तिथे. शाळेतून मात्र अपुरी सुई बाहेर पडता कामा नये."

बटणरावांना स्वतःला चार भोके होती, म्हणून या विषयावर ते गप्प बसले.

अहवालात लिहिले गेले की राज्यातील शंभर टक्के सुयांच्या शिक्षणात पोकळी आढळली असून ती तातडीने भरून काढावी. दरबाराने मंजुरी दिली. कारागीर आले आणि त्यांनी एकेका सुईच्या नेढ्यात वितळलेल्या धातूचा डाख ओतून, वरून घासून, माथा गुळगुळीत करून टाकला. दाभणाची बदली पोती शिवायला झाली. जाताना तो फाटकाशी थोडा वेळ थांबला, पण निरोप द्यायला कुणी आले नाही, कारण शाळेत तेव्हा आदरभावाची तोंडी परीक्षा चालू होती.

त्या वर्षी निकाल असा लागला की जुन्या लोकांनी तोंडात बोटे घातली. कुणी वाकले नाही, कुणाचे टोक मोडले नाही. पहिली आली ती नऊ नंबरची सुई. मुलगी खरोखर हुशार होती, मेहनती होती, आणि तिच्या मनात कुणाविषयी वाईट नव्हते. उत्तरेकडची कड सगळ्यात अवघड म्हणून तीच तिने मागून घेतली.

ती वर पोहोचली तेव्हा वारा नुकता सुटला होता.

"ये गं बाई," आक्का म्हणाली. "तुझ्याच वाटेकडे डोळे लागले होते. दोरा आणलास ना?"

"आता तसं राहिलं नाही, आक्का. पण काळजी करू नका, मी धावदोऱ्यात पहिली आलेय. थोडं टोचेल हं."

"टोचू दे. पडण्यापेक्षा टोचलेलं बरं."

नऊ नंबरने काम सुरू केले. खाली, वर, खाली, वर. काय तिची सफाई! आक्काच्या कडेने ती एका रेषेत गेली, मग शेजारून दुसरी रेष घेत परत आली. मोजपट्टी खालून पाहत होती आणि तिला भरून आले होते. चिंध्यांच्या वस्तीतली पोरे माना वर करून टाळ्या वाजवू लागली.

"अगं, पण आवळल्यासारखं काही वाटत नाही मला," आक्का दबकत म्हणाली. शिकलेल्या पोरीला टोकायचे तिला जिवावर आले होते.

"नव्या पद्धतीत आवळत नाहीत, आक्का."

"असं होय," आक्का म्हणाली.

वाऱ्याचा जोर वाढला. सातांतला एक जुना टाका तुटला, लगेच दुसरा, आणि बघता बघता सहा गेले. आता आक्काला धरून होता तो फक्त शेवटचा टाका, आणि तोही नव्या भोकांच्या रेषेवरून कापड फाडत निघाला. तुटलेल्या टाक्याचा एक दोरा वाऱ्यावर उडत नऊ नंबरच्या माथ्याशी आला, तिथे घासला आणि निसटला. पुन्हा आला.

"धर गं! धर तो!" आक्का ओरडली.

नऊ नंबरने मान पुढे केली. दोरा गुळगुळीत माथ्यावरून घसरला. आयुष्यात पहिल्यांदा तिला रडू फुटले.

"कशात धरू, आक्का?"

उत्तर यायच्या आत आक्का सुटली. ती फडफडत खाली गेली आणि तिच्यापाठोपाठ थंडी चिंध्यांच्या वस्तीत शिरली. टाळ्या थांबल्या. पोरे एकमेकांना बिलगली.

मोजपट्टी धावत वर आली आणि तिने फाटलेली कड या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा मोजली. भोकाभोकांतल्या अंतरात सूतभरही फरक नव्हता. तिकडे उरलेल्या गोधडीवर बाकीच्या साऱ्या सुया एका लयीत खाली-वर, खाली-वर चालल्या होत्या, आणि जिथून जिथून त्या गेल्या होत्या, तिथून उन्हाचे बारीक बारीक ठिपके, एकमेकांपासून अगदी सारख्या अंतरावर, खाली गळत होते.