नांदरखिंडीतले पहिले पांघरूण

माणदेशात नांदरखिंडीच्या तोंडाशी वीरगळांची एक रांग आहे. लढाईत पडलेल्या गावच्या माणसांचे हे दगड. प्रत्येकावर तलवार उगारलेला वीर आहे, त्याला वर नेणाऱ्या अप्सरा आहेत आणि माथ्यावर चंद्रसूर्य आहेत. रांगेतल्या पहिल्या दगडावर मात्र चंद्रसूर्य तेवढे कोरलेले. त्याखाली दगड कोरा. पौष अमावास्येला सगळे गाव इथे जमते. या दिवसाला इकडे पांघरुणाची अवस म्हणतात. ज्या घरचा मुलगा फौजेत आहे अशा एका घराला दरसाल मान मिळतो. त्या घरची आई काळे घोंगडे घेऊन येते आणि आपल्या पूर्वजाचा दगड मागे टाकून ते त्या कोऱ्या दगडावर घालते. त्यानंतरच बाकीच्या दगडांना फुले मिळतात.

हा कोण एवढा मोठा वीर, असे पाहुणे हटकून विचारतात. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले खाशाबा होनमाने तिथेच पारावर बसलेले असतात. "त्येच तर कुणाला ठावं न्हाई," ते म्हणतात, आणि पाहुण्यांना बसवून घेऊन सांगू लागतात. साल कोणते, फौजा कुणाच्या, हे मात्र त्यांना विचारू नये. त्यावर गावात दोन माणसांचे एकमत नाही.

तर या गावात भागाई नावाची सणगराची बाई होती म्हणे. नवरा लवकर गेला, पदरात एकच मुलगा, सटवा. घोंगडी विणून तिने त्याला वाढवला. भागाई डावरी होती. घोंगड्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या लोकरीचे टाके घालायची तेव्हा ते इतरांच्या उलट बाजूला कलायचे. बायका तिला हसायच्या, पण बाजारात तिचे घोंगडे लांबून ओळखू यायचे. सटवा फौजेत निघाला तेव्हा तिने असेच एक घोंगडे त्याच्या खांद्यावर टाकले. थंडीत हयगय करू नकोस, एवढेच सांगितले. लढाईबद्दल काय सांगायचे ते तिला सुचले नाही.

पौषात लढाई खिंडीतच येऊन पोहोचली. दोन दिवस गाव दारे लावून बसले. फौजा नदीपलीकडे सरकल्या, तशी माणसे आपापल्या घरच्यांची प्रेते शोधायला बाहेर पडली. खिंडीच्या कडेला भागाईला एक जवान पडलेला दिसला. तोंडावर इतके वार होते की चेहरा उरला नव्हता. अंगावर घोंगडे होते. तिने कोपरा उलटून पाहिला. टाके उलट कललेले होते.

तिने मग दुसरे काही पाहिले नाही. घोंगडे काढून घेतले आणि त्याला आंघोळ घातली. मुलाचे करायचे ते सगळे केले. गावही तिच्यामागे उभे राहिले. पाटलाने पहिल्या मानाचा दगड सटवाच्या नावे दिला, आणि पाथरवटाने माथ्याकडून कामाला सुरुवात केली. चंद्रसूर्य झाले. आता सटवाची मूर्ती कोरायची, एवढ्यात सटवाचा फौजेतला जोडीदार रानबा लंगडत गावात आला.

दगड कुणाचा, असे त्याने विचारले आणि उत्तर ऐकून म्हणाला, तो सटवा नव्हे. त्याने सांगितले ते असे. खिंडीतल्या झटापटीनंतर समोरच्या फौजेतला एक पोरगा तोंडावर वार झेलून पडला होता आणि थंडीने कुडकुडत होता. सटवाने आपले घोंगडे त्याला पांघरले. रानबाने हटकले, तर म्हणाला, आईने विणलेय, मरायचाच असला तरी उबेत मरू दे. पुढे नदीपलीकडे सटवा पडला. रानबाच्या पायात भाला होता, तो रांगत मागे आला. सटवाच्या देहाचे पुढे काय झाले ते त्याला ठाऊक नव्हते.

भागाईचे तर आभाळच फाटले. लेक गेला तो गेलाच, वर त्याच्या हाडांना अग्नी मिळाला की नाही हेही कळायला मार्ग नाही. आणि इकडे गाव खवळले. आपल्या माणसांना मारणाऱ्याला आपण वाजतगाजत पोहोचवले, याची लाज प्रत्येकाला वाटत होती. पाटील कठोर नव्हता. त्याने तोड काढली. दगडाखाली पुरलेली परक्याची राख उकरून ओढ्यात टाकायची, दगड धुऊन घ्यायचा आणि त्यावर सटवालाच कोरायचे. पाथरवट छिन्नी घेऊन उभाच होता. भागाईने नुसती मान डोलावली असती तरी तिचा मुलगा कायमचा तिच्या डोळ्यांसमोर राहिला असता.

ती उठून घरी गेली. लोकांना वाटले, नैवेद्य आणायला गेली. ती आली ती तेच घोंगडे घेऊन, आणि तिने ते दगडावर पांघरले.

"पाटील, माझ्या लेकानं दिलेलं म्या काढून घेणार न्हाई," ती म्हणाली. "सटवा पल्याड पडलाय. तिकडच्या कुण्या बाईनं त्याला आपला म्हणून झाकला असंल, असं धरूनच मला जगायचंय. म्या ह्याला उघडा टाकला, तर तिनं त्याला का झाकावं?"

पाटलाने पाथरवटाला थांबायची खूण केली. पाथरवटाने छिन्नी पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी सगळ्या वीरगळांवर दंव होते आणि तो एकच दगड कोरडा होता, असे सांगतात. घोंगड्याखाली दगड कोरडाच राहणार, त्यात चमत्कार कसला, असे खाशाबा वर म्हणतात.

पुढे गावाने सटवासाठी वेगळा दगड देऊ केला. एक दगड नदीपलीकडे असेल, दोन कशाला, म्हणून भागाईने तो घेतला नाही. ती होती तोवर दर पौषात नवे घोंगडे विणून त्या दगडावर घालत राहिली. तिच्यामागे ज्यांची मुले फौजेत होती त्या आयांनी हे काम आपल्याकडे घेतले.

आजही अवसेच्या घोंगड्याला कोपऱ्यातले टाके डाव्या हाताने घालतात. ते वाकडेतिकडे येतात, पण कुणी उसवत नाही. संध्याकाळी घोंगडे उतरवून खिंडीतून जाणाऱ्या पहिल्या परक्या माणसाला देतात. गेल्या साली ते एका ट्रकच्या क्लीनरला मिळाले. विकायचे आहे असे समजून तो भाव करू लागला, तेव्हा मानाच्या बाईने ते त्याच्या खांद्यावर टाकले. तिचा मुलगा तेव्हा सरहद्दीवर बर्फात होता, आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्यात उभी होती.

सटवाचा दगड या रांगेत आजही नाही. पाहुण्यांनी विचारले, तर खाशाबा नदीकडे हात करतात.

"पल्याड असंल," ते म्हणतात. "घातलं असंल कुणीतरी."