चुलीखालची माती

एका राज्यात, समुद्राच्या पार टोकाला, एक लहानसे बेट होते. बेटावर माणसे थोडी, पण पोटाला उणे नव्हते. उतारावर नाचणी पिके, ओलाव्यात अळू वाढे, कुंपणाच्या कडेने करांद्याचे कंद. बांधावर लवंगेची झाडे होती. वर्षाकाठी जहाज येई, लवंग नेई, कापड आणि लोखंड देई. एवढाच जगाशी संबंध.

एके वर्षी धूम्रकेश नावाचा मांत्रिक दरबारी आला. राजा अरिंजयाला म्हणाला, "नाचणी खाऊन कोणी चक्रवर्ती झाला आहे काय? सारे बेट लवंगेचे कर. जहाजे तुला सोने देतील, प्रजेला तांदूळ."

राजाने हुकूम दिला. मांत्रिकाने मंत्र सोडला. उघड्या मातीत जे पेरावे ते लवंग होऊन उगवू लागले. जहाजे आली, सोने आले, तांदूळही आला. पुढे दूरदेशीही लवंगेची राने उभी राहिली. जहाजे तिकडे वळली, ती वळलीच. लवंग चावून कोणाचे पोट भरते? माणसे होड्यांत बसून निघाली.

सुरंगी नावाची एक बाई मात्र निघाली नाही. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. नवरा म्हणाला, "लेकीला घेऊन जातो. धान्य मिळाले की परततो." अबोली होडीतून हात हलवीत गेली. नवरा परतला नाही. सासू वारली. बेटावर उरली सुरंगी, आणि महालात राजा, जो खिडकीशी बसून जहाजाची वाट पाही.

सुरंगी खडकावरची कालवे काढी, भाजून खाई. चूल पेटवली की चुलीशी बोले. "आज वारा फार आहे हो," म्हणे. चूल तडतडे. तेवढीच सोबत.

एके सकाळी धनेश पक्षी दारात उतरला. म्हणाला, "बाई, तुझा आवाज ऐकून आलो. दुसरा आवाज या बेटावर नाही. मंत्र कसा तुटतो ते मला ठाऊक आहे."

"मग सांग, पाखरा."

"मंत्राने न शिवलेली माती आण. तशी माती तुझ्या चुलीखाली आहे."

सुरंगीने चुलीवरून हात फिरवला. ती चूल सासूच्या सासूने घातलेली. मग तिने पहार घेतली आणि चूल फोडली. खाली काळी, मऊ माती निघाली. तिने ती टोपलीत भरली. घर एकदम परके वाटू लागले.

"आता बी," पक्षी म्हणाला. "मांत्रिकाने मंत्र सोडला तेव्हा माझी जोडीदारीण आमच्या रीतीप्रमाणे ढोलीचे तोंड आतून मातीने लिंपून अंड्यांवर बसली होती. तिच्यापाशी मूठभर नाचणी होती. मी आजारी पडलो, तिला चारा नेऊ शकलो नाही. बरा होऊन गेलो तर आतून चोच बाहेर आली नाही. ते दार फोडायचे धैर्य मला झाले नाही."

कड्यावरच्या झाडावर सुरंगी चढली. ढोलीचे मातीचे दार तिने फोडले. आत पांढरी हाडे होती, पिसे होती, आणि पिसांखाली नाचणीचे दाणे. पोटात भूक पेटली होती. तरी एक दाणाही तिने तोंडात टाकला नाही. धनेश मान वळवून समुद्राकडे पाहत राहिला.

"तिसरे काम?" तिने विचारले.

"ज्याने हुकूम दिला, त्याच्याच हाताने पेरणी."

ती महालाकडे निघाली. वाटेत किनाऱ्यावर अचानक धूम्रकेश प्रकट झाला, शेजारी एक होडी.

"हिच्यात बस," तो म्हणाला. "ही तुला थेट अबोलीच्या दारी नेईल. टोपली तेवढी इथे ठेव."

सुरंगीने होडीच्या काठावर हात ठेवला. होडीतून लेकीच्या केसांचा वास आला. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "मी गेले तर तिला परतायला गाव कुठले?" आणि होडी पाण्यात लोटून दिली.

महालात राजा खिडकीशी होता. दाढी गुडघ्यांपर्यंत आलेली.

"जहाज दिसले काय?" त्याने विचारले.

"नाही, महाराज. जहाज येणार नाही. पेरायला चला."

"मला पेरता येत नाही."

"मी दाखवते."

राजा उठला. कितीतरी काळाने त्याच्याशी कोणी बोलले होते. अंगणातले लवंगेचे रोप त्याने स्वतः उपटले, चुलीची माती पसरली, दाणे टाकले आणि मोठ्याने म्हणाला, "माझा हुकूम मी मागे घेतो." किनाऱ्यावर धूम्रकेशाचा धूर झाला आणि वाऱ्याने तो नेला. दाणे रुजले. सायंकाळच्या आत कणसे भरली, आणि बेटाच्या मातीने आपला जुना स्वभाव धरला.

नवा हुकूम निघाला: उतार पोटासाठी, बांध जहाजासाठी.

वार्ता समुद्रापार गेली. होड्या एकेक करून परतल्या. नवरा आला नाही. तो परदेशीच वारला होता. अबोली आली, उंच झालेली, परक्या बोलीत बोलणारी. सुरंगीला तिचे बोलणे कळेना, तिला सुरंगीचे. सुरंगीने भाकरी थापली, नव्या चुलीवरच्या तव्यावर टाकली, तिच्यापुढे ठेवली. अबोलीने घास घेतला. बराच वेळ चावत राहिली. मग आठवून आठवून, एकेक अक्षर जुळवीत म्हणाली, "आई, अजून."

ज्या मुलखात मागणाऱ्याला असे वाढणारे भेटते, त्या मुलखाचे कल्याण असो.