सेनापती रेडा आणि टिटवीची अंडी

फार मागं, जनावरं बोलायची आणि बोललेलं ऐकायचीसुद्धा, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याकाठी टिटवीनं उघड्या जमिनीवर अंडी घातली होती. ती खायला कोल्ह्यांची टोळी निघाली. ते अडवायला कावळे, म्हशी आणि मुंग्या एक झाल्या. अंगानं मोठा म्हणून रेड्याला सेनापती केलं. डोकं कोण बघतंय!

रेड्यानं हुकूम सोडला, "मला विचारल्याशिवाय कुणी हलायचं नाही."

झालं! मुंगी विचारते, "साहेब, कोल्ह्याच्या पायाला चावू का शेपटीला?" कावळा विचारतो, "चोच डोक्यात मारू का पाठीत?" रेडा विचार करत बसला आणि कोल्हे बांधावर आले.

टिटवी किंचाळली, "अहो रेडेमामा, कोल्हे तळ्यावर येऊ द्यायचे नाहीत, एवढंच सांगा की! चावायचं कसं, हे मुंगीला तुम्ही शिकवणार?"

"मग मी काय करू?"

"तुमच्या म्हशी धावल्या की मुंग्या पायाखाली येतील. ते कोण बघणार?"

रेड्याच्या टाळक्यात उजेड पडला. त्यानं आधी मुंग्या आणि कावळे मोकळे सोडले. चावे आणि चोची खाऊन कोल्हे नाचायला लागले. मग तो जोरात रेकला, "मुंग्यांनो, झाडांवर चढा! म्हशी येतायत!" मुंग्या चढल्या, म्हशी सुटल्या, कोल्हे पार डोंगरापल्याड पळाले.

रेडा ऐटीत अंडी बघायला निघाला.

"थांबा! पाय पडेल," टिटवी ओरडली.

सेनापतीनं उचललेला पाय मुकाट्यानं मागं घेतला.