एकाच नावेतली दोन पाने

शाळेच्या संकेतस्थळावरील दोन पानांचा मजकूर निवृत्त मुख्याध्यापिका गुळवणीबाईंनीच लिहिला होता. एक पान सहलीत धरणात नाव उलटून बुडालेल्या तीन विद्यार्थ्यांच्या स्मृतीचे होते. दुसरे, त्याच नावेतून वाचलेले शाळेचे अध्यक्ष रावसाहेब इंगवले यांच्या सत्काराचे.

संकेतस्थळ नव्या प्रोग्रॅमवर नेताना स्मृतीचे पान तेवढे गळाले. बुडालेल्या सदूची आई शाळेच्या सभेत उभी राहिली. "सायेब, त्या पानाबिगर माज्या पोराचा दुसरा फोटूच न्हाई वो कुटं."

"मी काय करणार, बाई? नवा प्रोग्रॅम जुनी पाने घेतच नाही," रावसाहेबांनी हात झटकले.

मागे पडद्यावर नव्या संकेतस्थळातले त्यांच्या सत्काराचे पान झळकत होते. गुळवणीबाईंनी संकेतस्थळ करणाऱ्या मुजावरांना विचारले, "जुन्या प्रोग्रॅममध्ये ही दोन्ही पाने एकाच साच्यात होती ना?"

"होय, बाई. अगदी एकाच."

"म्हणजे एकाच नावेत होती. रावसाहेब, याही खेपेस तुम्ही तेवढे काठाला लागलात आणि मुले बुडाली?"



मुलांचे पान नव्या संकेतस्थळावर सर्वांत आधी दिसावे, असे ठरले. सर्वांनी हात वर केले. शेवटचा हात रावसाहेबांचा होता.